सणाचा तास मोबाइलवर घेताय? या चुका टाळा

दिवाळी तोंडावर आली की आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर तीच गाऱ्हाणी सुरू होतात. निम्म्या मुलांचे कंदील अर्धवट राहिले. आरती म्हणायला घेतली तर नुसता कालवा झाला. मुलांऐवजी आयाच बोलत होत्या. दरवर्षी नवे शिक्षक येतात आणि त्याच खड्ड्यात पाय घालतात, म्हणून एकदा सगळं लिहून ठेवते.

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीला शिकवते. २०२०च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि त्या वर्षीचा पोळा, गणपती, दसरा, दिवाळी सगळं मोबाइलवरच झालं. आता शाळा रोज भरते, तरी ऑनलाइन तास काही संपलेला नाही. अतिवृष्टीची सुट्टी पडते. शिवाय आमचा भाग ऊसतोडीचा. दसरा झाला की टोळ्या निघतात, आणि ज्यांना मागे सांभाळायला आजी-आजोबा नाहीत ती मुलं आईबापांबरोबर कारखान्याच्या तळावर जातात. माझ्या वर्गातली चार-पाच मुलं दरवर्षी दिवाळी तळावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत करतात. सणाचा तास तरी त्यांना वर्गासोबत मिळावा, एवढी माझी धडपड असते.

सगळ्यात जास्त नुकसान करते ती सामानाची यादी. आदल्या रात्री नऊ वाजता ग्रुपवर येऊन पडते: रंगीत कार्डशीट चार, जिलेटीन कागद, टिकल्या, चकमक, फेव्हिकॉल. तालुक्याच्या गावी दुकान आहे, वस्तीवर नाही. ज्या घरात यादीतलं काहीच नसतं, त्या घरातलं मूल दुसऱ्या दिवशी तासाला येतच नाही आणि आपण 'नेटवर्क नसेल' म्हणून पुढे जातो. माझ्या वर्गातल्या एका मुलीने असे लागोपाठ तीन तास बुडवले. फोन केला तर तिची आई म्हणाली, "बाई, नेट हाय की. पर तिच्यापाशी रंगीत कागद न्हाई, म्हणून बसंना ती." त्या दिवसापासून माझ्याकडून यादी जाणं बंद झालं. आता चार दिवस आधी मीच विचारते, घरात कागद कोणता आहे? वर्तमानपत्र निघतं, जुनी लग्नपत्रिका निघते, साडीच्या खोक्याचा पुठ्ठा निघतो, गेल्या वर्षीच्या वहीची कोरी पानं निघतात. जे सगळ्यांकडे निघेल त्यावर उपक्रम बेतायचा. चिकटवायला खळ: चमचाभर कणीक वाटीभर पाण्यात गुठळ्या मोडून कालवायची आणि मंद आचेवर घट्ट होईपर्यंत मोठ्या माणसाने ढवळून द्यायची. तेही नसेल तर भाताची शितं.

भेटकार्डासाठी तर हळद पुरते. हळदीच्या पाण्याने कागद रंगवून वाळवायचा, मग खायचा सोडा पाण्यात कालवून काडीने त्यावर लिहायचं. पिवळ्यावर लाल अक्षरं उमटतात. वर लिंबाचा थेंब टाकला की लाल पुन्हा पिवळं होतं. दुकानातली कोणतीही चकमक मुलांना इतका वेळ एका जागी बसवत नाही.

दुसरी चूक माझी स्वतःची आहे, आणि ती आजही दहातले आठ शिक्षक करताना दिसतात: कातरकाम समोरून दाखवणं.

२०२०ची दिवाळी. लक्ष्मीपूजन आणि बालदिन दोन्ही १४ नोव्हेंबरलाच आले होते, म्हणून त्याआधी मी कंदिलाचा तास ठेवला. कंदील अगदी साधा. आयताकृती कागद लांबीत मधोमध दुमडायचा, घडीच्या बाजूने बोट-बोट अंतरावर काप द्यायचे, उघड्या कडेला दोन बोटं जागा सोडून थांबायचं, मग उलगडून नळी करून चिकटवायची. वर्गात हे मी मुलांमधून फिरत दहा मिनिटांत करून घेत असे. त्या दिवशी मोबाइल डब्याला टेकवला, समोर बसले, छातीशी कागद धरला आणि कापायला लागले. कागद पांढरा, मागची भिंत पांढरी. एकोणीस मुलं तासाला होती. "आता उघडा," म्हटलं आणि एकेका चौकटीत झालरी लोंबायला लागल्या. चौदा जणांनी उघड्या कडेने काप दिले होते. दोघांनी घडी आरपार कापली होती, त्यांच्या हातात नुसत्या पट्ट्या. एका मुलाने कागद पाठीमागे लपवला आणि विचारलं, "बाई, माझा उलटा झाला का?" त्याच्या वडिलांनी मुद्दाम तालुक्याहून आणलेला तो एकच रंगीत कागद होता. मी जुळवून घे, चिकटव असं काहीबाही सांगितलं, पण त्याचा तास तिथेच संपला होता.

मुलांचं काही चुकलं नव्हतं. कॅमेऱ्यातून घडीची कड आणि उघडी कड सारखीच दिसते. त्यात समोर बसलेल्या माणसाचा उजवा हात मुलाला डावीकडे दिसतो. आपल्याला मात्र पडद्यावर स्वतःचं चित्र आरशातल्यासारखं दिसतं, मुलांना तसं दिसत नसतं, त्यामुळे 'उजवीकडून कापा' हे वाक्य कोणाच्याच कामाचं राहत नाही.

आता माझी पद्धत अशी. दोन उंच डबे शेजारी ठेवायचे, वर मोठी पट्टी आडवी, पट्टीवर मोबाइल उताणा, पडदा वर आणि मागचा कॅमेरा खाली बघेल असा. खाली गडद रंगाची चादर. मुलांना फक्त माझे दोन हात दिसतात, आणि तेही त्यांच्या स्वतःच्या हातांच्याच दिशेने. डावं-उजवं हे शब्द मी वापरतच नाही. घडीच्या कडेवर आधी स्केचपेनने जाड लाल रेघ ओढायची, तिचं नाव 'डोंगर'. उघडी कड म्हणजे 'दार'. कात्री डोंगरावरून निघते आणि दारापाशी थांबते. कात्री हातात घेण्याआधी प्रत्येकाने डोंगरावर बोट ठेवून कॅमेऱ्याला दाखवायचं, मी एकेकाचं नाव घेऊन होकार देते. यात चार मिनिटं जातात. नव्या शिक्षकांना हीच चार मिनिटं जड वाटतात, आणि ती वाचवायला गेलं की चौदा कागद वाया जातात. शिवाय पहिला कंदील नेहमी वर्तमानपत्राचा. चांगला कागद दुसऱ्या दिवशी.

अजून एक सवय सांगते. कोणताही उपक्रम देण्याआधी तो मी डाव्या हाताने करून बघते. सात वर्षांच्या मुलाला साधारण तेवढाच वेळ लागतो. मला वीस मिनिटांपेक्षा जास्त लागली तर तो एका तासाचा उपक्रम नाही. केंद्र सरकारच्या 'प्रज्ञाता' या ऑनलाइन शिक्षणाबद्दलच्या जुलै २०२०च्या मार्गदर्शक सूचनांतही पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची जास्तीत जास्त दोन सत्रं सांगितली होती, आणि लहान वर्गांना मला त्यातलं एकच पुरेसं वाटतं. झूमची फुकटातली बैठक ४० मिनिटांनी आपोआप बंद पडते हेही ध्यानात ठेवा. अर्ध्या कापलेल्या कागदासह मुलं बाहेर फेकली जातात.

आरती किंवा गाणं सगळ्यांचे माइक उघडून घेऊ नका. प्रत्येक घरून आवाज वेगवेगळ्या उशिराने पोचतो, ताल जुळणं शक्यच नाही. टाळ आणि घंटा तर बरीच अ‍ॅप गोंगाट समजून दाबून टाकतात. एकाने म्हणायचं, बाकीच्यांनी माइक बंद ठेवून घरात टाळ्या वाजवत साथ द्यायची. कडव्याला मूल बदलायचं.

पेटवलेली पणती तासात नको. रंगवलेली पणती दाखवली की झालं. थर्माकोल तर सांगूच नका, त्याच्या सजावटीवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. मुलांचे फोटो स्टेटसला लावायचे तर आधी पालकांना विचारा.

किल्ल्याची स्पर्धा लावण्याला माझा ठाम विरोध आहे. स्पर्धा म्हटलं की किल्ला बाप बांधतो आणि मूल शेजारी उभं राहून फोटो काढून घेतं. मी नंबर देत नाही. किल्ल्यासोबत मुलाच्या आवाजात एक मिनिटाचा निरोप मागवते: कुठे ढासळला आणि मग तू काय केलंस? ज्याने स्वतः माती कालवली तोच यावर बोलू शकतो. आणि सांगायचं ते आठवडाभर आधी. अळीव पेरल्यावर दोन-तीन दिवसांत मोड दिसतात, पण किल्ला हिरवा दिसायला पाच-सहा दिवस लागतात. वसुबारसेला सांगितलं तर लक्ष्मीपूजनाला डोंगर उघडाबोडकाच राहतो.

वर्गात सगळ्यांच्याच घरी दिवाळी असेल असं धरून चालू नका. 'आपल्या घरचा सण' असा विषय ठेवला की कोणी ईदचा शीरखुर्मा सांगतं, कोणी भीमजयंतीची मिरवणूक, आणि कोणालाच कोपऱ्यात बसावं लागत नाही.

तळावरच्या मुलांसाठी मी वेगळी वेळ ठेवते, रात्री आठ. दिवसा फोन आईबापांबरोबर फडात असतो. तोवर तो एवढा उतरलेला असतो की व्हिडिओ पंधरा मिनिटंही चालत नाही, म्हणून कृती आवाजात सांगून दुपारीच ग्रुपवर टाकून ठेवते आणि रात्री फक्त बघायला भेटते. गेल्या वर्षी एका मुलाने तळावरची काळी माती आणि उसाची वाढी, म्हणजे वरचे हिरवे शेंडे घेऊन किल्ला केला, तटाला पाचटाचं कुंपण. अंधारात नीट दिसेना, तर त्याच्या आईने चुलीतलं जळतं लाकूड वर धरलं. त्याचा निरोप दोन मिनिटांचा होता आणि बुरूज तीनदा पडल्याचं त्यात तीनदा सांगितलेलं होतं.