लेथच्या पुस्तकात वेलांटी पळाली, त्याची गोष्ट

बेळगावच्या उद्यमबागमध्ये लेथ मशीनवर बरीच वर्षं काढल्यावर नव्या पोरांसाठी मराठीत पुस्तक लिहिलं. लिहिणं सोपं गेलं ओ, खरा घाम छपाईनं काढला.

मी युनिकोडमध्ये टाइप केलं होतं. डीटीपीवाल्यानं मजकूर इनडिझाइनमध्ये, म्हणजे पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये, ओतला आणि ‘स्पिंडल’ची वेलांटी ‘प’च्या पुढं जाऊन बसली, जोडाक्षरं फुटून पाय मोडके दिसायला लागले. तो म्हणाला, “सर, युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टात परत टाइप करूया की.” म्हणजे परत सगळी प्रुफं! शिवाय पुढं ई-बुक करायचं तर तो मजकूर बिनकामाचा.

फॉन्टचा दोष नव्हताच. पॅराग्राफच्या सेटिंगमध्ये अडोबीचा ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ निवडला, आणि सगळी अक्षरं जागेवर. मी तो पॅराग्राफ स्टाइलमध्येच घालून ठेवला, नाहीतर प्रत्येक तक्त्यात तेच रामायण. पीडीएफ काढताना फॉन्ट एम्बेड झालेत का, म्हणजे फाइलच्या आतच आलेत का, तेवढं बघा.

दुसरं, पानं झाली 164. प्रेसचा फर्मा, म्हणजे एका कागदावर एकदम छापायचा गठ्ठा, 16 पानांचा, म्हणजे चार पानांसाठी अकरावा फर्मा! थ्रेडिंगच्या (आटे पाडायच्या) आकृत्या दाटीनं बसवून 160 वर आणलं. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, मात्र राजा राममोहन रॉय एजन्सीकडून फुकटात मिळाला.

पहिली प्रत शॉपमधल्या पोरानं चाळली. “सर, ह्याला कन्नडात काय म्हणायचं ते पण घाला की.” घरात कन्नड बोलणारी निम्मी पोरं, माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पुढच्या आवृत्तीला शब्दसूची घालतोय.