इकारसचा सूर्य शेवाळी पडत होता

ग्रीक पुराणकथेतला इकारस मेणाचे पंख लावून सूर्याजवळ उडतो आणि समुद्रात पडतो; त्याच्या पडण्यावर धातूच्या प्लेटवरून एक अमूर्त प्रिंट करत होते. प्लेटच्या वरच्या पातळीवर सूर्याचा पिवळा, आम्लाने खोल खाल्लेल्या भागात समुद्राचा निळा, दोन्ही एकाच छाप्यात. पॅरिसला मुद्राचित्रकार हेटर यांच्या आतेलिए १७ या स्टुडिओत कृष्णा रेड्डी आणि कायको मोती यांनी घडवलेली ही व्हिस्कॉसिटी पद्धत, म्हणजे शायांच्या पातळ-घट्टपणातल्या फरकावर रंग वेगळे ठेवणं. पण निळा पिवळ्यावर चढायचा आणि सूर्य चक्क शेवाळी! महागडी शाई आणूनही फरक शून्य. शेवटी पिवळ्यात जवसाचं तेल वाढवलं, सुरीवरून मधासारखा ओघळेपर्यंत. निळा मात्र घट्टच, अजून घट्ट व्हावा म्हणून त्यात थोडं मॅग्नेशियम कार्बोनेट. आधी कडक रोलरने वरच्या पातळीवर पिवळा, मग खोल भागात पोचणाऱ्या मऊ रोलरने निळा. तेलकट पिवळा घट्ट निळ्याला अंगाला लागूच देत नाही. मऊ रोलर एकदाच फिरवायचा; त्याचा घेर प्लेटपेक्षा कमी असेल तर जोडाची रेघ उमटतेच.