घासाचं बी पेरण्याआधी

आमच्याकडे दिवाळीच्या आगेमागे लसूणघासाची पेरणी होते. एकदा पेरलेला घास तीन वर्षं गव्हाणीत पडत राहतो, त्यामुळे पेरणीच्या दिवशी केलेली हयगयही तीन वर्षं भोवते. बीजप्रक्रियेचं, म्हणजे पेरण्याआधी बियाला उपयोगी जिवाणू चोळण्याचं, सामान म्हणूनच आठ-दहा दिवस आधी जमवायला घ्या.

सुरुवात पाकिटापासून. दुकानात नुसतं ‘रायझोबियम द्या’ म्हणू नका, ‘घासाचं द्या’ म्हणा. रायझोबियम म्हणजे मुळांवर गाठी करून हवेतला नत्र (नायट्रोजन) पिकाला देणारे जिवाणू. हरभऱ्याचे जिवाणू घासाच्या मुळांवर गाठी धरत नाहीत. बरसीमचे निराळे, चवळीचे आणखी निराळे. पाकिटावरचं पिकाचं नाव, तयार केल्याची तारीख आणि वापराची मुदत वाचूनच पैसे द्या. एकराला साधारण 10 किलो बी लागतं आणि 10 किलो बियाला 250 ग्रॅमचं एक पाकीट पुरतं. जोडीला स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणाऱ्या जिवाणूंचं तेवढंच पाकीट घ्या, कारण चुनखडीच्या काळ्या रानात स्फुरद असूनही बराचसा अडकून पडलेला असतो. द्रवरूप संवर्धक (जिवाणूंचं तयार मिश्रण) मिळालं तर बाटलीवरचं प्रमाण पाळा.

आणि पाकीट घरी कसं आणायचं, हेही आधीच ठरवा. पहिल्या वर्षी मी ते मोटारसायकलच्या डिकीत टाकून बाजारभर फिरलो. ऊन कडक होतं. त्या वाफ्यातला घास पिवळा राहिला आणि मुळांना गाठी शोधूनही सापडल्या नाहीत. आतली काळी भुकटी जिवंत आहे, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून ओल्या फडक्यात गुंडाळून आणतो आणि माठाशेजारी, खतं-औषधांपासून लांब ठेवतो.

बी चाळून घ्या. घासाच्या बियात अमरवेलीचं बी मिसळून आलं, तर ती वेल घास पिळून काढते आणि मग रान मोडण्याची वेळ येते. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आदल्या दिवशीच लावून बी सुकवा. जिवाणूंचा हात नेहमी शेवटचा. तांबं असलेलं औषध मात्र या बियाला लावूच नका. ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी चालते.

आदल्या संध्याकाळी विहिरीच्या एक लिटर पाण्यात 125 ग्रॅम गूळ उकळून झाकून ठेवा. रात्रभरात ते पूर्ण निवायला हवं. कोमट पाण्यातही संवर्धक कालवू नका. नळाचं पाणी भरून लगेच वापरलं तर त्यातला क्लोरीन जिवाणूंना मारक ठरतो.

पेरणीच्या दिवशी आधी रानाचा वाफसा, म्हणजे मातीतली पेरणीजोगी ओल, बघा. वाफसा नसेल तर पाकीट फोडू नका. सगळं जुळलं असेल तर सावलीत स्वच्छ बारदान पसरा, बी त्यावर ओता, थोड्या गूळपाण्यात दोन्ही पाकिटं कालवून हलक्या हातानं चोळा. घासाचं बी फार बारीक, किलोत चार-पाच लाख दाणे भरतात; म्हणून पाणी बेताबेतानं घाला. गोळे व्हायला लागले की जास्त झालं. प्रत्येक दाण्यावर काळसर थर दिसला की पातळ पसरून सावलीतच सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. उरलेलं बी उद्यावर ठेवू नका.

खत बियात मिसळायचं नाही, तिफणीच्या वेगळ्या चाडीतून (बी-खत सोडायच्या नरसाळ्यातून) खाली पडू द्या. सुपर फॉस्फेट आम्लधर्मी असतं, त्याच्या स्पर्शानं थरातले जिवाणू मरतात. युरियाचा हात सैल सोडला तर रोप गाठी धरायचा कंटाळा करतं. बी दोन सेंटिमीटरपेक्षा खोल जाऊ देऊ नका आणि वर लगेच हलकं पाणी द्या.

तुलनेसाठी एक वाफा मुद्दाम विनाप्रक्रियेच्या बियाचा ठेवा, आणि तो सर्वांत आधी पेरा. नाहीतर तिफणीला आणि हाताला लागलेले जिवाणू तिथेही पोचतील. याच हंगामात मका, कडवळ किंवा ओट पेरणार असाल तर त्यांना ॲझोटोबॅक्टर किंवा ॲझोस्पिरिलम लागतं. हे जिवाणू गाठी करत नाहीत, मुळांच्या आसपास राहून थोडा नत्र पुरवतात, त्यामुळे त्यांच्या भरवशावर तिथली खताची मात्रा एकदम बंद करू नका.

पाच-सहा आठवड्यांनी खुरपं आणि पाण्याची बादली घेऊन वाफ्यात जा. रोप उपटू नका, गाठी मातीतच तुटून राहतात. ढेकळासकट उचला, बादलीत बुडवा, माती आपोआप सुटू द्या. घासाच्या गाठी लांबट, काही बोटांसारख्या फुटलेल्या असतात. एखादी नखानं चिरा. आतून गुलाबी निघाली तर नत्राचं काम सुरू आहे. पांढरी किंवा हिरवट निघाली तर नाही. मग विनाप्रक्रियेच्या वाफ्यातलं रोपही तसंच धुवा आणि दोन्ही मुळं शेजारी ठेवून बघा.