शिक्षण परिषदेला विषय एकच ठेवा: हातच्याच्या वजाबाकीचा नमुना

केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत ‘गणित अध्यापन’ असा विषय ठेवला की दिवस भाषणांतच जातो. विषय एका प्रश्नात मावला पाहिजे. ‘तिसरीतली मुले हातच्याच्या वजाबाकीत नेमकी कुठे चुकतात?’ हा प्रश्न तीन तासांना भरपूर होतो.

आठ दिवस आधी शिक्षकांना तीन उदाहरणे पाठवा: ५२−२७, ६२−२८ आणि ४०३−१७८. ती वर्गात सोडवून घ्यायची आणि चुकलेल्या पाच मुलांच्या वह्यांची पाने, नाव झाकून, झेरॉक्स करून आणायची. आयत्या वेळी लागतील म्हणून सुलभकाने (परिषद चालवणाऱ्या शिक्षकाने) दहा-बारा जास्तीची पाने जवळ ठेवावीत. काही जण रिकाम्या हाताने येतातच.

उदाहरणे मनाला येतील तशी देऊ नका. ५२−२७ चे उत्तर ३५ आले, तर मुलाने लहान अंक मोठ्यातून वजा केला (७−२) की हातचा घेऊन दशक कमी करायला विसरले (१२−७), हे कळत नाही. दोन्हीकडून एककात ५ च येतात. ६२−२८ मध्ये पहिल्या चुकीचे उत्तर ४६ येते, दुसरीचे ४४. ४०३−१७८ मध्ये २३५ आले, तर शून्याच्या जागी १० मांडले पण त्याचे ९ करायचे राहिले. ३७५ आले, तर पुन्हा लहान-मोठ्याचाच घोळ.

हे सुलभकाने आधीच सांगितले तर परिषद तिथेच संपते. २८ शिक्षक असतील तर चौघांचे सात गट करा, एका शाळेचे दोघे एका गटात नकोत. पहिली ४० मिनिटे फक्त पाने चाळून चुकांचे ढीग लावायचे. ‘निष्काळजीपणा’ असा ढीग हमखास तयार होतो. तो मोडायला लावा, कारण त्यातली बरीच पाने दुसऱ्या ढिगात बसतात.

पुढचा तास साहित्याचा. गटाला दहा-दहा काड्यांचे सात गठ्ठे आणि वीस सुट्या काड्या द्या. ६२ मांडून एक गठ्ठा शिक्षकाने स्वतः सोडायचा. काड्या आणि वहीतली मांडणी एकाच वेळी चालली पाहिजे. काड्या आधी आणि वही नंतर घेतली की मुलांना ते दोन वेगळे खेळ वाटतात. शतकासाठी काड्या पुरत नाहीत, तिथे १००, १० आणि १ च्या खेळातल्या नोटा घ्या.

अर्धा तास सराव पाठ: एकाने शिकवायचे, तिघांनी ठरवून एकेक चूक करायची. चहाला १५ मिनिटे. मग २० मिनिटांत प्रत्येकाने कोणत्या दोन मुलांसोबत, कोणत्या दिवशी, काय करणार हे लिहायचे.

परिपत्रके आणि माहितीचे तक्ते शेवटच्या १५ मिनिटांत, जमल्यास आदल्या दिवशीच व्हॉट्सअॅपवर. सुरुवातीला घेतले तर तासभर सहज खातात.

सहावी ते आठवीच्या शिक्षकांना नुसते बसवून ठेवू नका. त्यांचा वेगळा गट करून ५.२−२.७५ द्या. तिथेही घोळ स्थानिक किमतीचाच असतो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० शिक्षकाकडून वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा करते. हजेरीपटावर तास भरतातही, पण वर्गात काय बदलले ते त्यातून कळत नाही. म्हणून पुढच्या परिषदेची पहिली २० मिनिटे त्याच मुलांच्या नव्या पानांसाठी राखा. उदाहरणे मात्र बदला: ८१−३४, ७३−४६, ५०२−२६७.