बचावपटूची कारकीर्द कशी वाचावी: जे. जे. वॉटच्या बारा हंगामांच्या आधारे

अमेरिकन फुटबॉलमधील आक्रमक खेळाडूची कारकीर्द समजून घ्यायला फारसे कष्ट पडत नाहीत. क्वार्टरबॅकने, म्हणजे आक्रमणाची सूत्रे सांभाळत पास फेकणाऱ्या खेळाडूने, किती यार्डांचे पास पूर्ण केले, धावपटूने किती यार्ड कापले, कोणी किती टचडाउन केले (म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपार नेला), हे फलंदाजाच्या धावांसारखे सरळ मोजता येते. बचावपटूच्या बाबतीत अशी सोय नाही, कारण त्याच्या कामाचा मोठा भाग न घडलेल्या गोष्टींमध्ये असतो. त्याच्या धाकाने जो पास फेकलाच गेला नाही किंवा ज्या बाजूने धावायचे प्रतिस्पर्ध्याने टाळले, त्याची नोंद कोणत्याही तक्त्यात सापडत नाही. म्हणूनच नवखा वाचक बचावपटूच्या पानावरची एकच संख्या पाहून मत बनवतो आणि बहुतेक वेळा त्या खेळाडूवर अन्याय करतो.

हे टाळण्यासाठी कोणत्या क्रमाने काय पाहावे, ते पुढे सांगितले आहे. उदाहरणासाठी जे. जे. वॉट या खेळाडूची कारकीर्द घेतली आहे. २०११ ते २०२० या काळात ह्यूस्टन टेक्सन्स आणि पुढचे दोन हंगाम अॅरिझोना कार्डिनल्स या संघांकडून तो १५१ सामने खेळला आणि त्याच्या नावावर ११४.५ सॅक जमा झाले. क्वार्टरबॅकने चेंडू फेकण्याआधीच त्याला डावाच्या प्रारंभरेषेमागे खाली पाडणे म्हणजे सॅक, आणि दोघांनी मिळून पाडल्यास प्रत्येकाच्या खात्यावर अर्धा सॅक लिहिला जातो. त्या आकड्यातील अर्ध्याचे मूळ तिथे आहे.

सर्वप्रथम खेळाडूची जागा आणि संघाची रचना पाहावी. ही पायरी ओलांडून आकड्यांकडे जाऊ नये. बचाव करणारे अकरा जण ढोबळमानाने तीन फळ्यांत उभे राहतात. सर्वांत पुढे प्रतिस्पर्ध्याच्या भिंतीशी थेट भिडणारे लाइनमन, त्यांच्या मागे लाइनबॅकर आणि शेवटी पास अडवणारे कॉर्नरबॅक व सेफ्टी. पुढे चार लाइनमन व मागे तीन लाइनबॅकर ठेवणारी रचना ४-३ आणि पुढे तीन व मागे चार ठेवणारी ३-४ म्हणून ओळखली जाते. वॉट टेक्सन्समध्ये आला तेव्हा वेड फिलिप्स हे बचावाचे प्रशिक्षक होते आणि त्यांनी ३-४ रचना आणली होती. या रचनेत पुढच्या फळीच्या टोकाला उभ्या राहणाऱ्या खेळाडूने प्रतिस्पर्ध्याचे एक-दोन धिप्पाड अडवणारे स्वतःवर ओढून घ्यावेत आणि सॅकचे श्रेय मागून येणाऱ्या लाइनबॅकरला मिळू द्यावे, अशी जुनी रीत आहे. वॉट नेमका त्याच जागी खेळत असताना २०१२ मध्ये त्याने २०.५ सॅक केले. हीच संख्या बाहेरून वेगाने धावून येणाऱ्या लाइनबॅकरच्या नावावर असती तरी ती मोठीच ठरली असती, पण तिचा अर्थ वेगळा झाला असता. मला विचाराल तर त्या हंगामाची खरी थोरवी जागा समजून घेतल्याशिवाय कळूच शकत नाही.

त्यानंतर निवडीपूर्वीचा काळ थोडक्यात पाहावा. महाविद्यालयीन खेळाडूंची वार्षिक निवड, म्हणजे ड्राफ्ट, सात फेऱ्यांत होते आणि आधीच्या हंगामात मागे पडलेल्या संघाला आधी निवडण्याची संधी मिळते. निवडीतील क्रमांक हा अपेक्षेचा आकडा असतो, गुणवत्तेचा अंतिम निवाडा नसतो. वॉट २०११ मध्ये अकराव्या क्रमांकावर निवडला गेला, तेव्हा ह्यूस्टनमध्ये जमलेल्या काही चाहत्यांनी नापसंतीचा आवाज केला होता. त्याच वर्षीच्या निवडीत रिचर्ड शर्मन हा पुढे नावाजलेला कॉर्नरबॅक पाचव्या फेरीत, १५४ व्या क्रमांकापर्यंत शिल्लक राहिला होता. जेम्स हॅरिसनची तर २००२ मध्ये निवडच झाली नाही, संघांनी त्याला पुन्हा पुन्हा काढून टाकले, आणि तोच २००८ मध्ये वर्षातील सर्वोत्तम बचावपटू ठरला. वॉटच्या आरंभकाळातील एक तपशील मात्र जपून ठेवावा. तो आधी सेंट्रल मिशिगन विद्यापीठात टाइट एंड या, पासही झेलणाऱ्या आक्रमक जागेवर खेळत होता. तिथली शिष्यवृत्ती सोडून, शिष्यवृत्तीची खात्री नसताना तो विस्कॉन्सिन विद्यापीठात आला आणि तिथे बचावपटू झाला. मधल्या काळात त्याने घरोघर पिझ्झा पोहोचवण्याचे कामही केले. या तपशिलाची गरज पुढे लागेल.

आता हंगामनिहाय तक्ता समोर घ्यावा आणि एकूण बेरजेवर बोट ठेवून झाकावी. वॉटचे सॅक क्रमाने असे आहेत: ५.५, २०.५, १०.५, २०.५, १७.५, १.५, शून्य, १६, ४, ५, १ आणि १२.५. या ओळीत त्याची सगळी कहाणी दडलेली आहे, फक्त ती उलगडण्यासाठी प्रत्येक आकड्याच्या शेजारी खेळलेले सामने लिहावे लागतात. २०१६ मध्ये पाठीच्या दुखापतीमुळे तो तीनच सामने खेळला. २०१७ मध्ये पाचव्या सामन्यात त्याचा पाय मोडला. २०१९ मध्ये आठ सामन्यांनंतर छातीचा स्नायू फाटला आणि २०२१ मध्ये खांद्याच्या दुखापतीने सातव्या सामन्यानंतर त्याचा नियमित हंगाम संपला. म्हणजे १.५, शून्य, ४ आणि १ हे आकडे खेळ खालावल्याचे पुरावे नाहीत. खेळ खरोखर खालावला होता का, हे पाहायचे तर २०१८ कडे जावे. पाठ आणि पाय या दोन्हींच्या शस्त्रक्रियांनंतर तो पूर्ण सोळा सामने खेळला, १६ सॅक केले आणि सात वेळा प्रतिस्पर्ध्याच्या हातून चेंडू पाडला. दुखापतीने गेलेला काळ आणि वयाने गेलेली ताकद या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे, हे कारकीर्द वाचण्यातील सर्वांत महत्त्वाचे कौशल्य आहे असे मी मानतो, आणि सर्वाधिक चुकाही इथेच होतात.

सॅकचा आकडा पाहताना काळाचे भान सुटू देऊ नये. नॅशनल फुटबॉल लीगने सॅकची अधिकृत मोजणी १९८२ पासून सुरू केली. त्यामुळे साठच्या दशकात क्वार्टरबॅकची झोप उडवणाऱ्या डीकन जोन्सच्या नावावर अधिकृत असा एकही सॅक नाही. लॉरेन्स टेलरने १९८१ मध्ये पदार्पणाच्या वर्षी केलेले ९.५ सॅकही त्याच्या १३२.५ या अधिकृत संख्येत धरलेले नाहीत, जरी त्याच वर्षी त्याला सर्वोत्तम बचावपटूचा मान मिळाला होता. हंगामाची लांबीही बदलत गेली. १९६१ पासून चौदा, १९७८ पासून सोळा आणि २०२१ पासून सतरा सामने. मायकल स्ट्रॅहनने २००१ मध्ये केलेल्या २२.५ सॅकशी वॉटचा धाकटा भाऊ टी. जे. वॉट याने २०२१ मध्ये बरोबरी केली, तेव्हा हंगाम सतरा सामन्यांचा होता, मात्र टी. जे. त्यांपैकी पंधराच सामने खेळला होता. अशा तुलनेत हंगामाची लांबी आणि प्रत्यक्ष खेळलेले सामने हे दोन्ही आकडे शेजारी मांडले तरच ती न्याय्य होते. टॅकलच्या, म्हणजे चेंडू घेतलेल्या खेळाडूला पाडण्याच्या, आकड्याला त्याहून कमी वजन द्यावे. कोणाला पूर्ण श्रेय द्यायचे आणि कोणाला साहाय्याचे, हे पुष्कळदा मैदानावर नोंद करणाऱ्याच्या नजरेवर ठरते. शिवाय ज्या संघाचा बचाव जास्त वेळ मैदानात राहतो, त्याच्या खेळाडूंचे टॅकल आपोआप वाढतात.

पास अडवणाऱ्यांच्या बाबतीत तर आकडा उलटाही वाचावा लागतो. ओकलंड रेडर्सचा कॉर्नरबॅक नामदी असोमुघा याने २००६ मध्ये आठ पास झेलून हिरावले, म्हणजे आठ इंटरसेप्शन केले. पुढच्या तीन हंगामांत मिळून त्याच्या नावावर फक्त तीन इंटरसेप्शन आहेत. तक्ता पाहणारा म्हणेल की याचा बहर ओसरला. प्रत्यक्षात प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकने त्याच्या दिशेने चेंडू फेकणेच जवळपास बंद केले होते, आणि २००८ मध्ये एकच इंटरसेप्शन नावावर असताना त्याची निवड देशातील सर्वोत्तम अकरांत झाली. कबड्डी पाहणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. ज्या कोपऱ्यावर भक्कम पकड करणारा उभा असतो, त्या बाजूला चढाईपटू पाऊल टाकायला कचरतो, आणि मग त्या कोपरारक्षकाच्या खात्यावर गुण कमी दिसतात.

म्हणून सॅकखेरीज आणखी काही रकाने अवश्य पाहावेत: पाडायला लावलेले चेंडू, हाताने अडवलेले पास, क्वार्टरबॅकला बसलेले धक्के. वॉटने २०१२ मध्ये सॅकच्या जोडीला १६ पास अडवले, जे पुढच्या फळीतील खेळाडूसाठी विलक्षण आहे. क्वार्टरबॅकपर्यंत पोहोचता आले नाही, तर जागीच उडी मारून हात वर करायचा, ही त्याची सवय त्यामागे होती. २०१४ मध्ये त्याने पाच टचडाउन केले. त्यांपैकी एक हिरावलेल्या पासवर, एक पडलेला चेंडू उचलून आणि उरलेले तीन चक्क आक्रमणात जाऊन पास झेलत. महाविद्यालयातील पूर्वीच्या टाइट एंडची ओळख इथे उपयोगी पडते. ती नसेल तर हे तीन टचडाउन निव्वळ गंमत वाटतात.

सन्मानांची यादी वाचताना त्यांची प्रतवारी लक्षात ठेवावी. प्रो बोल या हंगामातील नामवंत खेळाडूंच्या मेळाव्यासाठीची निवड चाहते, खेळाडू आणि प्रशिक्षक यांच्या मतांवर होते. निवडलेले खेळाडू दुखापतीमुळे माघार घेतात आणि त्यांच्या जागी राखीव खेळाडू येतात, म्हणून त्या आकड्यात थोडी सूज असते. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या, वर्षातील सर्वोत्तम खेळाडूंच्या ऑल-प्रो संघातील पहिली निवड त्याहून कठीण, आणि वॉटला ती पाच वेळा मिळाली. वर्षातील सर्वोत्तम बचावपटूचा मान त्याने २०१२, २०१४ आणि २०१५ असा तीनदा मिळवला. तेवढ्याच वेळा तो टेलरला मिळाला होता आणि पुढे अॅरन डोनाल्डलाही मिळाला. २०१४ मध्ये सर्वच्या सर्व ५० मते वॉटलाच पडली. त्याच वर्षी लीगमधील सर्वांत मौल्यवान खेळाडूच्या मतदानात त्याला १३ मते मिळाली आणि क्वार्टरबॅक अॅरन रॉजर्सच्या मागे तो दुसरा आला. त्या सन्मानापर्यंत बचावपटू क्वचितच पोहोचतो. १९७१ मध्ये अॅलन पेज आणि १९८६ मध्ये टेलर, असे दोघेच बचावपटू तिथे पोहोचले आहेत.

कराराची बातमी वाचताना एकूण रकमेपेक्षा हमीची रक्कम शोधावी, कारण या लीगमधील करार सहसा पूर्ण हमीचे नसतात आणि संघ खेळाडूला मुदतीआधी मोकळे करू शकतो. २०१४ मध्ये वॉटने सहा वर्षांसाठी १० कोटी डॉलरची मुदतवाढ स्वीकारली, तिच्यात हमीची रक्कम निम्म्याहून थोडीच अधिक होती. २०२१ च्या फेब्रुवारीत, करार संपायला एक वर्ष असताना, त्याच्याच विनंतीवरून टेक्सन्सने त्याला मोकळे केले.

मैदानाबाहेरच्या गोष्टी किती घ्याव्यात, हा वाचकाच्या विवेकाचा प्रश्न आहे. २०१७ मध्ये हार्वी वादळाने ह्यूस्टन पाण्याखाली गेले, तेव्हा वॉटने २ लाख डॉलर जमवण्याचे आवाहन केले आणि ३ कोटी ७० लाख डॉलरहून अधिक निधी उभा राहिला. त्या हंगामात त्याचे सॅक शून्य आहेत. तरीही ते वर्ष रिकामे म्हणून सोडून देणे मला पटत नाही, आणि लीगलाही ते पटले नसावे, कारण समाजकार्यासाठीचा वॉल्टर पेटन सन्मान त्याला त्याच वर्षासाठी मिळाला.

एवढे झाल्यावर चित्रण पाहायला बसावे. शक्य असल्यास उंचावरून घेतलेले, बावीसही खेळाडू एकाच वेळी दिसणारे चित्रण मिळवावे. पहिल्या वेळी चेंडूकडे अजिबात पाहू नये, फक्त आपल्या खेळाडूवर नजर ठेवावी. त्याला एक जण अडवतो आहे की दोघे, तो दोघांना गुंतवतो तेव्हा शेजारच्याला वाट मोकळी होते का, धाव त्याच्या बाजूने येते की विरुद्ध बाजूने जाते, हे कागदावर टिपावे. दुसऱ्या वेळी चेंडू पाहावा. तिसऱ्या आणि चौथ्या डाउनकडे विशेष लक्ष द्यावे, कारण दहा यार्डांसाठी मिळालेल्या चार प्रयत्नांतले हे शेवटचे दोन प्रयत्न डावाची दिशा ठरवतात. २०२२ च्या फेब्रुवारीतील सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, शेवटच्या मिनिटाला, चौथ्या डाउनवर एकच यार्ड हवे असताना रॅम्सच्या अॅरन डोनाल्डने प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅक जो बरोला पकडून गरकन फिरवले. चेंडू कसाबसा सुटून जमिनीवर पडला आणि रॅम्स संघाने २३-२० असा विजय निश्चित केला. चेंडू हातातून सुटल्यामुळे तो सॅक धरला गेला नाही.

शेवटी बादफेरीचे सामने वेगळे काढून पाहावेत, कारण कारकिर्दीची रूढ बेरीज फक्त नियमित हंगामाची असते. वॉटसाठी ४ जानेवारी २०२० चा सामना निवडावा. छातीचा स्नायू फाटून शस्त्रक्रिया झाल्याला जेमतेम दोन महिने झाले होते. तिसऱ्या सत्रात बफेलो बिल्स १३-० असे पुढे होते आणि टेक्सन्सच्या गोलरेषेजवळ येऊन ठेपले होते. तिसऱ्या डाउनवर वॉटने बफेलोचा क्वार्टरबॅक जॉश अॅलन याला खाली पाडले, बफेलोला टचडाउनऐवजी तीन गुणांवर समाधान मानावे लागले, आणि टेक्सन्सने तिथून उठून जादा वेळेत २२-१९ असा सामना जिंकला. ११४.५ या आकड्यात तो सॅक नाही.