‘उपकार’ लिहिण्याआधी या चुका टाळा

मी तीस वर्षं हायस्कूलला मराठी आणि इंग्रजी शिकवलं. त्यामुळे दापोलीच्या आसपास कुणाला आभारपत्र, फलक किंवा निमंत्रणपत्रिका लिहायची असली की फोन मला येतो. कधी मजकूर छापून झाल्यावर दिसतो, तेव्हा मात्र जीव कासावीस होतो. एका शाळेत मुलींना सायकली वाटल्या, त्या कार्यक्रमाच्या बॅनरवर लिहिलं होतं : ‘दानशूर देणगीदारांच्या उपकाराने गरीब विद्यार्थिनींना सायकलवाटप’. त्याच बॅनरखाली आठवीतली एक मुलगी फोटोसाठी उभी होती. सीटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. तिने दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरलं होतं आणि ती कॅमेऱ्याकडे न बघता घंटीकडे बघत होती. तिची आई हर्णै बंदरावर मासळी विकते. ती मला नंतर म्हणाली, “बाई, सायकल चांगली आहे हो. पण आता गावभर आम्ही ‘गरीब’ झालो.”

देणाऱ्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. चूक झाली ती शब्दांत, आणि ही चूक आपल्याकडे सगळीकडे होते.

पहिली चूक : इच्छा आणि कृती एकच समजणं

बॅनर लिहिणाऱ्या शिक्षकांनी ‘बेनेव्होलन्स’ हा इंग्रजी शब्द कोशात बघितला होता. समोर परोपकार, दया, औदार्य असे तीन-चार शब्द होते, त्यातून त्यांनी ‘उपकार’ उचलला. पण ‘बेनेव्होलन्स’ हा शब्द उलगडून बघा. लॅटिनमध्ये ‘बेने’ म्हणजे चांगलं आणि ‘वेल्ले’ म्हणजे इच्छिणं. दुसऱ्याचं चांगलं व्हावं असं मनापासून वाटणं, एवढाच त्याचा मूळ अर्थ. तो जुन्या फ्रेंचमधून चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत आला. त्याच्याच शेजारी ‘बेनिफिसन्स’ हा दुसरा शब्द आहे, त्यात ‘फाकेरे’ म्हणजे करणं हा धातू आहे. आपला ‘उपकार’ या दुसऱ्याचा भाऊ : उप अधिक कृ, म्हणजे कुणासाठी काही करणं. त्याचा विरुद्ध शब्दही कृतीचाच आहे, अपकार.

मग पहिल्याला मराठीत काय म्हणायचं? शब्द आपल्या रोजच्या बोलण्यात आहे : सदिच्छा. सत् अधिक इच्छा. लॅटिनचे दोन तुकडे आणि संस्कृतचे दोन तुकडे समोरासमोर ठेवले तर जोडी तंतोतंत जुळते. ‘हितैषी’मध्येही हेच आहे, हित इच्छिणारा. आणखी एक गोष्ट मुलांना सांगताना मला फार आवडायची. लॅटिन ‘वेल्ले’ आणि संस्कृतातला ‘वृ’ धातू, ज्याच्यापासून आपला ‘वर’ आला, हे एकाच मुळातून फुटलेले मानले जातात. देवाकडे वर मागतो तो, आणि मांडवात उभा राहतो तोही, कारण तो निवडलेला असतो. व्हॉलंटिअर या शब्दातही हेच ‘वेल्ले’ आहे. तो आपल्या इच्छेने येतो, कुणी बोलावलं म्हणून नाही.

दुर्दैवाने ‘सदिच्छा’ आता दिवाळीच्या मेसेजपुरती उरली आहे. ती हलकी वाटत असेल तर ‘हितबुद्धी’ किंवा ‘आपुलकी’ लिहा. ‘आपुलकीने दिलेली भेट’ या तीन शब्दांत घेणाऱ्याची मान खाली जात नाही.

दुसरी चूक : दया लिहून मोकळं होणं

दया दुःखी माणसाविषयी वाटते. ज्याचं बरं चाललं आहे त्याचं आणखी बरं व्हावं असं वाटणं, याला दया म्हणता येत नाही. पतंजलींनी योगसूत्रांत ही वाटणी स्पष्ट केली आहे : सुखी माणसाविषयी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा. बौद्ध परंपरेत मेत्ता म्हणजे मैत्री, करुणा, मुदिता म्हणजे दुसऱ्याच्या सुखाचा आनंद आणि उपेक्खा म्हणजे समभाव, अशा चार भावना एकत्र येतात. त्यातही मेत्ता आणि करुणा वेगळ्या मोजल्या आहेत. आमच्या तालुक्यातल्या पन्हाळेकाजीला 29 लेणी आहेत आणि त्यांची सुरुवात बौद्ध भिक्षूंनी केली. सहल घेऊन गेले की मी मुलांना सांगायचे, मेत्ता हा शब्द या दगडांनी ऐकला असणार.

म्हणून नोकरी लागलेल्या मुलाला कुणी पुस्तकं भेट दिली तर तिथे ‘दयाळूपणे दिली’ असं लिहू नका. त्याच्यावर दया यावी असं काही घडलेलंच नाही.

तिसरी चूक : सक्तीला स्वेच्छा म्हणणं

ही चूक राजांनीही केली आहे. इंग्लंडचा राजा चौथा एडवर्ड याने 1473 च्या सुमारास श्रीमंत प्रजेकडून पैसे गोळा केले आणि त्या वसुलीला नाव दिलं ‘बेनेव्होलन्स’, म्हणजे प्रजेची राजावरची सदिच्छा. नकार द्यायची सोय कुणाला नव्हती. पुढे तिसऱ्या रिचर्डच्या काळात, 1484 मध्ये, पार्लमेंटने कायदा करून ही वसुली बेकायदा ठरवली. तरी नंतरच्या राजांनी ती पुन्हा काढलीच. चांगल्या अर्थाचा एक शब्द करवसुलीच्या पावतीवर जाऊन बसला.

आपल्याकडे ‘ऐच्छिक देणगी’ असं छापलेल्या पावतीवर रक्कम आधीच भरलेली असते, तेव्हा तेच होतं. रक्कम ठरलेली असेल तर सरळ ‘वर्गणी’ लिहा. तो प्रामाणिक शब्द आहे. शिमग्यात पालखी दारात येते तेव्हा ज्याला जे जमेल ते तो ओटीत घालतो, आणि ते ऐच्छिकच असतं.

चौथी चूक : हक्काचा वाटा उपकारात मोजणं

माझं माहेर मालवणचं. लहानपणी किनाऱ्यावर रापण ओढताना आम्ही पोरं दोरीला हात लावायला धावायचो. समुद्रात लांबवर गोल टाकलेलं जाळं दोन्ही बाजूंनी ओढत आणतात. पाऊल वाळूत रुतवून सगळे एका लयीत मागे सरकतात, दोरी ओली आणि खरखरीत असते, तळहात चरचरतात. जाळं कडेला आलं की बांगडे, तारली चमचम उडू लागतात. मग वाटे पडतात आणि दोरीला हात लावणाऱ्या पोरांच्या हातावरही चार बांगडे पडतात. ते देताना कुणी ‘घे, तुला दिले’ म्हणत नाही. तो वाटा असतो. शेतीतली सावड तशीच : आज माझ्या लावणीला तू, उद्या तुझ्या लावणीला मी. ही देवघेव आहे, इथे उपकार कुणावर कुणाचाच नाही. गावाविषयी लेख लिहिणारी शहरातली मंडळी याला ‘गावकऱ्यांची परोपकारी वृत्ती’ म्हणतात. त्यांना कौतुकच करायचं असतं, पण त्यात रापणीतल्या माणसाचा हक्क पुसला जातो.

उलटही घडतं. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं, पत्रे उडाले, नारळी-पोफळी आडव्या पडल्या, कित्येक दिवस वीज नव्हती. मदतीचे ट्रक आले. आमच्या शेजारच्या आजी रांगेत उभ्या राहायला तयार नव्हत्या. “कुणाचे उपकार नकोत मला.” दुसऱ्या दिवशी आळीतला एक मुलगा ताडपत्री घेऊन सरळ त्यांच्या पडवीत शिरला. “आजी, पाऊस आत येतोय, हे टोक धरा बघू.” आजींनी टोक धरलं. मदत तीच होती, ताडपत्रीही ट्रकातलीच. पण या वेळी आजींच्या हाताला काम होतं.

मराठीत उपकाराला ओझं असतं, तो डोक्यावर असतो, तो फेडावा लागतो, हे लिहिणाऱ्याने विसरू नये. मदत घेणाऱ्याने स्वतः ‘तुमचे उपकार झाले’ म्हटलं तर ती त्याची नम्रता. देणाऱ्याने किंवा आयोजकाने तो शब्द वापरला की मात्र ती कर्जाची नोंद होते. गोपाळ कृष्ण गोखले कोतळूकचे, आपल्या गुहागर तालुक्यातले. 1905 मध्ये त्यांनी संस्था काढली तेव्हा नावात ‘सेवक’ घातलं : भारत सेवक समाज. देणाऱ्याने स्वतःसाठी असा खालच्या पायरीवरचा शब्द निवडला की घेणाऱ्याला वर बघावं लागत नाही.

छापण्याआधी एवढं तपासा

‘सदेच्छा’ असा शब्द नाही. शुभ अधिक इच्छा म्हणजे शुभेच्छा, कारण तिथे अ आणि इ मिळून ए होतो. सत् मध्ये शेवटी अ नाही, त् आहे, त्याचा द् होतो : सदिच्छा. परोपकार हा एकच शब्द आहे, तोडून लिहू नका.

‘कृतज्ञ’ आणि ‘कृतघ्न’ यांत एकाच अक्षराचा फरक आहे आणि टायपिंग करणारा तो चुकतो. ज्ञ म्हणजे जाणणारा, घ्न म्हणजे नष्ट करणारा. ‘आम्ही आपले कृतघ्न आहोत’ असं छापलेलं पत्र मी स्वतः पाहिलं आहे, पाहुण्यांच्या हातात.

‘अनुपकारी’ला कृतघ्न समजू नका. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दान कुणाला द्यावं हे सांगताना हा शब्द येतो. ज्याच्याकडून परतफेड व्हायची नाही, असा माणूस, हा तिथला अर्थ. पुढच्याच श्लोकात परतफेडीच्या आशेने दिलेलं दान राजस ठरवलं आहे.

आणि आभारपत्राचा शेवट सुचत नसेल तर? ‘आपले उपकार आम्ही कधीही फेडू शकत नाही’ हे वाक्य प्रत्येक पत्रात असतं. त्याने देणाराही संकोचतो. ‘आभार’ शब्दातसुद्धा भार आहेच. आमच्या तळकोकणात आणि खाली गोव्यात कुणी मदत केली की म्हणतात, ‘देव बरें करूं’. देव तुझं भलं करो. घेणारा आपलं ऋण मोजत बसत नाही, त्याच्याकडे असलेली सदिच्छा तो उलट पाठवतो. जत्रेतलं गाऱ्हाणंही तसंच. गावकर एकेकाचं नाव घेऊन लेकराबाळांचं बरं मागत जातो आणि सगळी माणसं एका आवाजात ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात.

त्या शाळेने यंदा पुन्हा सायकली आणल्या. या वेळी बॅनर छापण्याआधी फोन आला. मी ‘उपकार’ काढला, ‘गरीब’ काढला, ‘वाटप’ही काढला. आता त्यावर एवढंच आहे : ‘लांबून शाळेत येणाऱ्या आमच्या मुलींसाठी, गावाच्या सदिच्छेने’.