"चीनसारखंच पाहिजे" म्हणणाऱ्याशी वाद कसा घालायचा

निपाणी असू दे नायतर खानापूर, रस्त्याचं काम रखडलं की कट्ट्यावर कोणतरी म्हणतंच, निवडणुका बंद करा आणि चीनसारखं परीक्षा घेऊन लायक माणसं बसवा. लगेच भांडायला उठू नका, त्यात थोडं खरं पण आहे.

पैला जोडी नीट लावा. लोक तिकडचा सगळ्यात हुशार अधिकारी घेतात, इकडचा सगळ्यात बिनकामाचा नगरसेवक घेतात आणि म्हणतात बघा की फरक. अधिकाऱ्यासमोर अधिकारीच ठेवायचा. आपल्या पंचायतीतला पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) परीक्षा देऊनच आलाय, आणि ज्यांच्याकडनं आपण ही पद्धत घेतली त्या ब्रिटनमध्ये 1854 च्या नॉर्थकोट-ट्रेव्हेल्यन रिपोर्टनंतर हळूहळू वशिला जाऊन परीक्षा आली, अमेरिकेत 1883 च्या पेंडल्टन कायद्यानं. म्हणजे मेरिट दोन्हीकडं आहे, प्रश्न त्या अधिकाऱ्याच्या डोक्यावर कोण बसतं याचा.

चीनमध्ये परीक्षेची परंपरा तेराशे वर्षांची, जुनी शाही परीक्षा 1905 ला बंद झाली. आजची परीक्षा फक्त नोकरीत घुसण्यापुरती, पुढची बढती-बदली कम्युनिस्ट पक्षाचा संघटन विभाग ठरवतो. समोरच्याचा मुद्दा इथं मजबूत आहे, तो मान्य करून टाका: शी जिनपिंग 1980 च्या दशकात झेंगडिंग नावाच्या एका काउंटीत (आपल्या तालुक्यासारखं) होते, मग फूजियान, झेजियांग, शांघाय असं करत करत वर गेले, आणि ट्रम्प 2016 ला निवडून आले तेव्हा त्यांनी साधं सरकारी पद पण सांभाळलं नव्हतं. पण लगेच विचारा, शींचे वडील उपपंतप्रधान होते ते कुठल्या परीक्षेत धरायचं? आणि 2022 च्या 24 जणांच्या पॉलिटब्युरोमध्ये, म्हणजे पक्षाच्या वरच्या मंडळात, एक पण बाई नाही, एवढ्या मोठ्या देशात एक पण लायक मिळाली नाही का?

आता खरा मुद्दा, इथं जरा थांबा. बढती आकड्यांवर मिळते आणि आकडे वर पाठवणारा तोच, ज्याला बढती पाहिजे. माओच्या 1958 च्या ग्रेट लीप मोहिमेत हेच झालं, खालच्यांनी धान्याचे आकडे फुगवले, सरकारनं त्या हिशोबानं धान्य उचललं आणि दुष्काळात कोट्यवधी माणसं मेली. कोरोनाच्या सुरुवातीला वुहानमध्ये पण डॉक्टर ली वेनलियांग यांनी डिसेंबर 2019 ला सोबतच्या डॉक्टरांना सावध केलं तर पोलिसांनी त्यांनाच समज दिली. खोटे आकडे आपल्याकडं नसतात असं नाही, भरपूर असतात, पण विरोधी पक्षवाला आणि पेपरवाला टपूनच बसलेला असतो.

मग चुकलेल्या नेत्याला घालवायचं कसं ते विचारा. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांना 1974 ला जावं लागलं, ब्रिटनच्या पंतप्रधान लिझ ट्रस 2022 मध्ये दोन महिने पण टिकल्या नाहीत. चीननं मात्र 2018 ला राष्ट्राध्यक्षाची दोन टर्मची अटच काढून टाकली.

एक सावधगिरी, लोकशाहीची बाजू घेताना फार चढू नका, आपण कर्नाटकातल्या सीमाभागातले मराठी आहोत. महाराष्ट्र एकीकरण समितीचे आमदार कितीदा निवडून दिले, तरी मराठीत कागद मागायला अजून मोर्चा काढावा लागतोय आणि सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात पडून आहे. नुसती मतं मोजली तर थोडे असणारे कायम हरणार, म्हणून कोर्ट आणि हक्क पाहिजेत, घटनेचं 350ए कलम मातृभाषेतल्या प्राथमिक शिक्षणासाठी आहे ते यासाठीच.

शेवटचा प्रश्न चीनमधल्या इनर मंगोलियाचा ठेवा. 2020 मध्ये तिथल्या मंगोल शाळांत भाषा, राजकारण आणि इतिहास हे विषय चिनीत शिकवायचं ठरलं, पालकांनी पोरं घरी ठेवली तर पोलिसांनी आंदोलकांचे फोटो लावून शोध सुरू केला, निर्णय तसाच राहिला. ज्याचं पोरगं मराठी शाळेत जातंय त्याला विचारा, तिथं तू काय केलं असतंस?